माझ्या सायकलीचे वळणदिवे

सायकलीवर बसलेल्या मनुष्यास हात दोनच असतात, आणि त्यास वळावयाचें झालें म्हणजे, सायकल सर्वांत अधिक सांवरून धरावयाची त्याच क्षणीं, त्यांतील एक हात सोडावा लागतो. ही गोष्ट मीं पन्नासांहून अधिक वर्षें केली. परंतु तिचा विचार म्हणून कधीं केला नव्हता. उजवीकडे वळावयाचें तर उजवा हात खांद्याच्या रेषेंत आडवा पसरावा, मागच्यास तो दिसला असें मानावें व वळावें, एवढें वडिलांनीं शिकविलें होतें आणि तें आयुष्यभर पुरलें. माझ्या लहानपणीं पुणें हें सायकलींचें शहर म्हणूनच ओळखलें जाई. मागून येणाराहि बहुधा सायकलवालाच असे व त्यास हाताची भाषा येत असे.

गेल्या वर्षीं ज्येष्ठांत माझा उजवा खांदा आखडला. सांध्याभोंवतींचें आवरण जाड होऊन आंवळतें, त्यास 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात, तें बहुतेकांचें वर्षादोन वर्षांत हळूहळू सुटतें, व्यायाम मात्र नेमानें करावा, असें डॉक्टरांनीं सांगितलें. हात कमरेच्या वर फारसा उठेना. सदरा घालण्यासहि दुसऱ्याचें साहाय्य लागूं लागलें. सायकलीच्या मुठी मात्र हातास पोंचत होत्या, म्हणून मी सायकल चालवीत राहिलों. आतां वाटतें, तो अविचार होता.

आषाढांत एके दिवशीं वाचनालयांतून परत येतांना आमच्या पेठेंतील एका चौकांत मी उजवीकडे वळलों. हात दाखविला अशी माझी समजूत होती. वस्तुतः तो मुठीपासून चार बोटें बाहेर आला असेल. मागून येणाऱ्या मोटारसायकलीचें चाक माझ्या मागील चाकास घासून गेलें व मी आडवा झालों. गुडघा फुटला, चष्मा गेला, वाचनालयाचें पुस्तक डबक्यांत पडलें. तो तरुण बिचारा थांबला, मला उठविलें, सायकल उभी करून दिली आणि म्हणाला, "काका, हात तरी दाखवायचात!" त्याचें बोलणें अगदीं यथार्थ होतें. मला वाईट वाटलें तें एवढ्याचेंच, कीं त्याला देण्यासारखें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें.

घरीं जें व्हावयाचें तें झालें. एकत्र कुटुंबांत एकाचा गुडघा फुटला म्हणजे दहाजणांस मत असतें. धाकटे बंधु म्हणाले, वयाचा विचार करावा. सूनबाईंनीं हळद लावतां लावतां डोळ्यांनींच तें अनुमोदिलें. थोरला मुलगा म्हणाला, "अण्णा, आता सायकल पुरे. कुठं जायचं ते सांगत जा, मी सोडत जाईन." त्याच्या शब्दांत प्रेम होतें यांत शंका नाहीं. परंतु ज्याला सोडावें लागतें त्याला आधीं सांगावेंहि लागतें. आणि रोज संध्याकाळीं वाचनालयांत जावयाचें, परत येतांना एखाद्या जुन्या स्नेह्याच्या ओटीवर दहा मिनिटें टेकावयाचें, हीं कामें सांगण्याजोगीं नसतात. तीं सांगूं गेलें कीं लहान वाटूं लागतात, आणि मग मनुष्य तीं सोडून देतो. सौभाग्यवती त्या दिवशीं कांहींच बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सायकलीच्या कुलपाची किल्ली खुंटीवर नव्हती.

नववींत असलेला माझा नातू आठ दिवसांनीं म्हणाला, "आजोबा, तुमचा हात वर होत नाही ना? मग हाताऐवजी दिवा दाखवू या." मुलानें हें ऐकलें व तत्काळ तयार मिळणारें एक यंत्र मागविलें. तळहाताएवढी डबी, ती बैठकीखालीं लावावयाची व मुठीजवळील बटण दाबलें कीं तींत डाव्या अथवा उजव्या बाणाची आकृति लुकलुके. दिसण्यांत वस्तु सुबक होती. परंतु शिक्षकास परीक्षा घेतल्यावांचून चैन पडत नाहीं. मीं बटण दाबावें व चाळीस पावलांवर उभ्या असलेल्या नातवानें दिशा सांगावी, असें पांच वेळां केलें. दोन वेळां त्यानें चूक सांगितलें. दुरून बाणाचा बाण राहत नव्हता. नुसता एक प्रकाशाचा ठिपका उरत होता. जी खूण उलट समजली जाऊं शकते ती नसलेलीच बरी. आम्हीं दिवे स्वतः करण्याचें ठरविलें.

मोटारींनाहि हे दिवे प्रथमपासून नव्हते. १९३० नंतरच्या वीसएक वर्षांत युरोपांतील पुष्कळ मोटारींच्या कडेच्या खांबांतून, आगगाडीच्या सिग्नलाप्रमाणें, एक लहानसा उजळलेला हात बाहेर येत असे. लुकलुकणारे दिवे अमेरिकेंत ब्यूक मोटारींवर १९३९ च्या सुमारास आले, व हळूहळू तो यांत्रिक हात नाहींसा झाला. याचें कारण सोपें आहे. स्थिर वस्तु पाहून डोळा तिला विसरतो. बदलत्या वस्तूकडे तो आपोआप वळतो, मग ती दृष्टीच्या अगदीं कडेला कां असेना. दिव्यानें मिनिटास किती वेळां लुकलुकावें यालाहि मोटारींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मर्यादा आहे: ६० ते १२०. मनुष्याची नाडीहि साधारण याच मर्यादेंत चालते, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटला.

साहित्य आणण्यास आम्ही दोघे बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत गेलों. ज्या गल्लींत विजेचें सामान घेण्यास मी कधीं पंख्याच्या रेग्युलेटरापलीकडे गेलों नव्हतों, तेथें मी हातांत यादी घेऊन उभा राहिलों. पिवळे एलईडी दिवे, रेझिस्टर, कपॅसिटर, सहा सेलांची पेटी, तीन जागीं थांबणारी कळ, आणि '५५५' या नांवाची आठ पायांची एक काळी चिप. ही चिप स्विट्झर्लंडांत जन्मलेल्या हान्स कॅमेन्झिंड या अभियंत्यानें अमेरिकेंत सिग्नेटिक्स या कंपनीसाठीं १९७१ सालीं योजिली व १९७२ सालीं ती बाजारांत आली. तिला आतां अर्धशतक उलटून गेलें, तरी ती अजून होते व विकली जाते, आणि दहाबारा रुपयांत मिळते.

या चिपचें काम मला समजेना. नातवानें दोनदां समजाविलें. शब्द कळले, अर्थ कळला नाहीं. अखेर मला आपल्याकडील घटिकापात्र आठवलें. बुडाशीं बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरत भरत जाते व भरली कीं बुडते, आणि एक घटिका झाली असें समजावयाचें. येथें कपॅसिटर ही वाटी, रेझिस्टर हें तिचें छिद्र आणि वीज हें पाणी. आमच्या सहा सेलांचा मिळून दाब नऊ व्होल्ट. वाटी भरत भरत दोन तृतीयांशास, म्हणजे सहा व्होल्टांस पोंचली कीं चिप तिला ओतूं लागते. एक तृतीयांशास, म्हणजे तीन व्होल्टांस उतरली कीं पुनः भरूं देते. भरतांना दिवा एका स्थितींत, ओततांना दुसऱ्या. छिद्र लहान केलें किंवा वाटी मोठी केली कीं काळ वाढला. आम्हीं १० हजार व ४७ हजार ओहमांचे दोन रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला. त्याचा हिशेब मिनिटास सुमारें ८३ लुकलुकण्यांचा होतो. घड्याळ लावून मोजलें तेव्हां ८० भरलीं, कारण असल्या कपॅसिटरांचें माप तंतोतंत नसतें.

रेझिस्टरांवर आंकडे छापलेले नसतात, रंगीत पट्टे असतात. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पांच, निळा सहा, जांभळा सात, करडा आठ, पांढरा नऊ. पहिले दोन पट्टे अंक सांगतात व तिसरा त्यांपुढील शून्यें. म्हणून पिवळा, जांभळा, नारिंगी म्हणजे ४७ वर तीन शून्यें. हें ऐकतांच मला आमची कटपयादि पद्धति आठवली, जींत अंक अक्षरांत लपवून श्लोकांत घालीत असत. नातवास मीं ती शिकविली. त्यानें मला रंग शिकविले. गेल्या कित्येक महिन्यांत आमच्या दोघांत एवढा सरळ व्यवहार झाला नव्हता.

यानंतर मी चुकलों. चिपच्या एका टोकाशीं खांच असते. खांच वर धरली असतां पहिला पाय डाव्या बाजूस वर असतो. तेथून खालीं उतरावयाचें, व पलीकडच्या बाजूनें वर चढावयाचें. मीं जन्मभर देवाला प्रदक्षिणा घातल्या. उजव्या हातानें मोजण्यास आरंभ केला. त्यामुळें पहिला पाय तो आठवा झाला, आठवा तो पहिला झाला, आणि सेलांचीं दोन टोकें नेमकीं उलट लागलीं. कळ दाबली. दिवा लागला नाहीं. चिपला बोट लावलें तों चटका बसला, व एक करपट वास आला. मी नातवाच्या तोंडाकडे पाहिलें. तो म्हणाला, "असू दे आजोबा, मी चार आणल्यायत."

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. चिपचें मूल्य दहा रुपये, त्याचें कांहींच नव्हतें. परंतु तीसएक वर्षांपूर्वींची एक गोष्ट आठवली. मी नववीच्या वर्गावर शब्दरूपें घेत होतों. शेवटच्या बांकावर एक मुलगा खालीं मान घालून कांहीं करीत होता. पाहतों तों मांडीवर एक सेल, तारेचे तुकडे आणि विजेरीचा एक बारीक दिवा. तो दिवा लागत होता, विझत होता. मीं तें सर्व उचललें, कपाटांत टाकलें व मुलास तासभर उभें केलें. वर्षअखेरीस त्यानें तें मागितलें तेव्हां सेल फुटून त्याचा क्षार सर्वत्र पसरला होता व तारा हिरव्या पडल्या होत्या. तो कांहीं बोलला नाहीं. तें कागदांत बांधून घेऊन गेला. वर्गांत लक्ष द्यावें हें माझें म्हणणें चूक नव्हतें. परंतु त्या दिव्याविषयीं त्याला एक प्रश्न विचारण्यास मला अर्धें मिनिट पुरलें असतें. तो मुलगा आतां कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं. माझी चूक झाली तेव्हां मला दुसरी चिप मिळाली. त्याची चूकहि नव्हती, आणि मीं त्याला दुसरा सेल दिला नाहीं.

असो. दुसऱ्या दिवशीं मांडणी नीट लागली व दिवा लुकलुकला. पुढचें काम कथलाच्या जोडांचें. तापलेली कांडी प्रथम तारेस व पायास टेकवावयाची, तीं तापलीं कीं मग कथील लावावयाचें; कथील कांडीलाच लावलें तर जोड दिसतो पण धरत नाहीं. राळेचा धूर उठला कीं सौभाग्यवती माजघरांतून विचारीत, "अहो, आज काय होम आहे का?" प्रत्येक पिवळ्या दिव्यास सुमारें दोन व्होल्ट लागतात, म्हणून तीन दिवे एकापुढें एक जोडून त्यांची माळ केली, म्हणजे सहा झाले, उरलेला दाब त्या माळेंतील रेझिस्टरानें आपल्या अंगावर घ्यावयाचा. हा रेझिस्टर गाळून एक दिवा आम्हीं सरळ सेलांस जोडून पाहिला. तो क्षणभर फार सुंदर दिसला व कायमचा गेला.

औषधाच्या गोळ्यांच्या डब्यांचीं झांकणें आंतून काळीं रंगवून दिव्यांस टोपडीं केलीं, म्हणजे उन्हांत प्रकाश फिका पडूं नये. एलईडी समोरून फार प्रखर पण बाजूनें मंद दिसतो. त्याच्या माथ्यास बारीक पॉलिश कागद घांसला, तेव्हां प्रकाश पसरला. चिप व तिचा परिवार एका प्लॅस्टिकच्या साबणदाणींत बसविला व फटी मेणानें बुजविल्या. मागील दिवे अठरा इंच लांबीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या दोन टोकांस लावून ती पट्टी कॅरियरखालीं आंवळली. कळ डाव्या मुठीजवळ, आंगठ्याखालीं. प्रथम सेलांची कळ निराळी होती. ती बंद करावयास मी दोन वेळां विसरलों व सेल उतरले. तेव्हां दुहेरी पट्ट्यांची कळ आणली, जिची एक ओळ डावें-उजवें ठरविते व दुसरी तेवढ्यापुरतीच वीज सोडते. कळ मध्यावर आली कीं सर्व बंद.

पुनः चाळीस पावलांची परीक्षा झाली. दिवसां नातवाची पांचांपैकीं पांच उत्तरें बरोबर आलीं. अंधार पडल्यावर मात्र तीनच. अठरा इंचांचें अंतर असून असें कां व्हावें? पुष्कळ विचार केल्यावर उलगडा झाला. दिवसां माझें शरीर व सायकल दिसते. दिवा त्यांच्या डावीकडे आहे कीं उजवीकडे हें कळतें. रात्रीं मी दिसत नाहीं. अंधारांत एकटाच दिवा लुकलुकला तर तो कशाच्या डावीकडे म्हणावयाचा? पाणिनीनें अपादान सांगतांना जें ज्यापासून दूर जातें त्या अवधीस 'ध्रुव' म्हटलें आहे. तें सूत्र मीं शेंकडों मुलांस पाठ करविलें. त्याचा उपयोग मला सायकलीच्या मागें उभें राहून कळला. आमच्या पट्टीस ध्रुव नव्हता. मधोमध एक न लुकलुकणारा तांबडा दिवा बसविला, व त्या रात्रीं पांचहि उत्तरें बरोबर आलीं.

मग घरच्यांची सभा झाली. मुलानें सायकल स्वतः चालवून पाहिली, बंधूंनीं मागें उभे राहून. सर्व साहित्याचा खर्च, जळालेल्या वस्तूंसह, तीनशें रुपयांच्या आंत आला, हें सूनबाईंस आवडलें. मुलगा म्हणाला, "दिवा चांगला आहे अण्णा, पण मागच्यानं बघितलाच नाही तर?" हा प्रश्न योग्य होता व त्याचें उत्तर मला द्यावें लागलें.

तर्कसंग्रहांत अन्नंभट्टानें वाक्याचा अर्थ कळण्यास तीन गोष्टी हव्यात असें म्हटलें आहे: आकांक्षा, योग्यता आणि संनिधि. मुलांस त्या घोकावयास लावतांना त्यांचा रस्त्याशीं कांहीं संबंध असेल असें मला कधीं वाटलें नाहीं. दिवा डावीकडचा लावून उजवीकडे वळलों तर योग्यता गेली. विस्तवानें शिंपावें म्हणण्यासारखें तें होईल. दिवा येथें लावला व दोन चौक पलीकडे वळलों तर संनिधि गेली. आणि दिवा लागतांच मागच्याच्या मनांत जी अपेक्षा उठते, ती आकांक्षा. ती त्याच्या मनांत उठली कीं नाहीं हें मला वळून त्याच्या तोंडाकडे पाहिल्यावांचून कळणार नाहीं. म्हणून मीं मुलास सांगितलें, कीं दिवा लावला म्हणजे वाट माझी झाली असें मी मानणार नाहीं. दिवा हा हक्क नव्हे, विनंति आहे. विनंति केल्यावर ती मान्य झाली कीं नाहीं तें पाहावें लागतें. न झाली तर उतरून, सायकल हातांत धरून, रस्ता ओलांडावा लागतो. पन्नास वर्षें हात दाखवूनहि मीं हें केलें नव्हतें. त्या दिवशीं माझा खांदा आखडला होता हें खरें, पण मीं मागें पाहिलेंहि नव्हतें, हेंहि तितकेंच खरें.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाऊस असेल त्या दिवशी नाही न्यायची." मीं तें कबूल केलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं किल्ली खुंटीवर होती. ती तेथें कोणीं ठेविली हें मीं विचारलें नाहीं.

आतां माझा हात खांद्यापर्यंत येतो. आणखी कांहीं महिन्यांनीं तो पूर्ण उठेल असें डॉक्टर म्हणतात. तरी दिवे काढावयाचे नाहींत असें आम्हीं ठरविलें आहे. जुन्या मोटारींत वळणदिव्याबरोबर टिक्-टिक् असा आवाज होई. तापून वांकणाऱ्या धातूच्या पट्टीचा तो आवाज असे, व दिवा चालूं आहे याची चालकास आठवण राही. आमच्या दिव्यास तसा आवाज नव्हता, म्हणून नातवानें एक चिमुकला बझर जोडून दिला. आमचा दिंडी-दरवाजा उजव्या हातास आहे. रोज सायंकाळीं मी तेथें वळतों, सायकल आंत आणतों, आणि पायरीशीं उतरून ती भिंतीस टेकवूं लागतों तों माजघरांतून हांक येते:

"अहो, वळलात ना? मग तो दिवा बंद करा आता. चहा टाकलाय."